६३ देश, ११ उपाय आणि न वाढलेली झाडं

या वेळी एकच पेपर घेऊन बसूया. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात तो आला. मदालिना व्लाशानू आणि किंबर्ली डोएल या प्रमुख लेखिका, सोबत जे व्हॅन बॅव्हेल, आणि जगभरातले मिळून सुमारे अडीचशे संशोधक. प्रश्न एका ओळीचा: हवामान बदलाबद्दल लोकांनी काहीतरी करावं यासाठी मानसशास्त्राकडे जे उपाय आहेत, त्यातला कोणता खरोखर चालतो?

हा पेपर निवडण्याचं कारण सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पीएचडीसाठी पर्यावरण, वर्तन, जनजागृती असा काहीतरी विषय मनात धरलेला असतो. मुलाखतीत समोरचे पहिलाच प्रश्न विचारतात, "ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही मोजणार काय?" आणि इथेच गाडी अडते. या पेपरने चार गोष्टी मोजल्या. तीन हलल्या, चौथी हलली नाही. बातम्या पहिल्या तीनवर झाल्या. माझ्या मते पेपरचा खरा जीव चौथीत आहे.

आधी प्रयोग समजून घेऊ. ६३ देशांतले ५९,४४० लोक, सगळं ऑनलाइन. त्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं बारा गटांत वाटलं. अकरा गटांना अकरा वेगवेगळे उपाय आणि बाराव्या गटाला, म्हणजे कंट्रोलला, हवामानाशी संबंध नसलेला एका कादंबरीतला उतारा वाचायला. हे अकरा उपाय लेखकांनी स्वतःच्या मनाने ठरवले नाहीत, या क्षेत्रातल्या जाणकारांकडून मागवले. कुणी म्हणालं, ९७ टक्क्यांहून जास्त हवामानशास्त्रज्ञांचं एकमत आहे हे सांगा. कुणी म्हणालं, हे संकट दूरचं नाही, तुमच्या गावातलं आहे हे जाणवू द्या. एका उपायात पुढच्या पिढीतल्या मुलाला पत्र लिहायचं होतं, जे त्याने मोठं झाल्यावर वाचायचं. एकात भीती वाटेल, राग येईल अशी माहिती होती. एकात 'तुमच्या देशातल्या बहुतेकांना हे संकट वाटतं' असा दिलासा होता. एकात देशप्रेम आणि आपली जीवनपद्धती टिकवण्याचं आवाहन होतं. थोडक्यात, गेल्या वीसेक वर्षांत या विषयात जे जे गाजलं ते सगळं एकाच मैदानात उतरवलं. म्हणून लेखक याला स्पर्धा म्हणतात. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सगळे संघ एकाच खेळपट्टीवर, एकाच चेंडूने खेळले. याआधी प्रत्येक जण आपापल्या गल्लीत शतक ठोकून सांगत होता की आमचाच फलंदाज भारी.

ही गोष्ट छोटी नाही. वेगवेगळ्या पेपरमधले आकडे शेजारी शेजारी ठेवून 'हा उपाय त्यापेक्षा चांगला' म्हणणं फार धोक्याचं असतं, कारण लोक वेगळे, मोजमाप वेगळं, वर्ष वेगळं. इथे तो घोळ नाही.

आता चार मोजमापं. पहिलं, हवामान बदल खरा आहे, गंभीर आहे, यावर विश्वास किती. दुसरं, धोरणांना पाठिंबा किती, उदाहरणार्थ इंधनावर कर. तिसरं, ही माहिती समाजमाध्यमांवर पाठवायची तयारी. चौथं, झाडं. चौथ्याकडे नीट लक्ष द्या. माणसाला पडद्यावर आकड्यांनी भरलेलं पान दाखवायचं. त्यातले असे आकडे शोधायचे ज्यांचा पहिला अंक सम आणि दुसरा विषम. काम कंटाळवाणं आहे आणि मुद्दामच तसं आहे. एक पान पूर्ण केलं की एक खरं झाड लावलं जातं, जास्तीत जास्त आठ. कधीही थांबायची मुभा. म्हणजे हे 'मी झाड लावेन' असं म्हणणं नव्हे. स्वतःचा वेळ आणि डोळे खर्चून झाड मिळवणं. प्रयोगाच्या शेवटी तीन लाखांहून जास्त झाडांचा हिशोब झाला आणि ती एका वनीकरण संस्थेमार्फत लावली गेली.

निकाल असा. विश्वास सगळ्यांत जास्त वाढवला तो 'संकट जवळचं आहे' या उपायाने, २.३ टक्के. धोरणांचा पाठिंबा वाढवला तो पुढच्या पिढीला लिहिलेल्या पत्राने, २.६ टक्के. माहिती पाठवण्याची तयारी वाढवली ती भीतीच्या माहितीने, १२.१ टक्के. आणि झाडं? अकरापैकी एकाही उपायाने वाढली नाहीत. काही उपायांनी तर कमी झाली.

इथे जरा थांबा. दोन टक्क्यांचा फरक तुम्हाला एवढासा वाटत असेल, पण पेपरमध्ये तो सांख्यिकीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ५९,४४० भागिले बारा करा, एका गटात साधारण पाच हजार माणसं येतात. एवढ्या मोठ्या गटात मुंगीएवढा फरकसुद्धा पकडला जातो. 'लक्षणीय' या शब्दाने मराठीत फार गोंधळ केला आहे. बोलीभाषेत लक्षणीय म्हणजे डोळ्यांत भरण्यासारखं, सांख्यिकीत लक्षणीय म्हणजे फक्त 'निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी'. प्रबंध लिहिताना हा शब्द आला की प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, मी यातला कोणता अर्थ वापरतोय?

त्याच्या उलट बाजूने लेखकांना न्यायही द्यायला हवा. विश्वासाची पट्टी शंभरपर्यंत होती आणि लोकांची सरासरी मुळातच वरच्या टोकाला होती. भरलेल्या बादलीत तुम्ही किती पाणी ओतणार? म्हणून २.३ हा आकडा उपाय दुबळा असल्याचा पुरावा म्हणून वाचता येत नाही. पण त्याचा दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बहुतेकांना आधीच पटलेलं आहे. मग आपण पटवण्यावर एवढा वेळ का घालवतोय?

झाडांचा निकाल दोन तऱ्हांनी वाचता येतो. पहिली तऱ्हा: मन हललं, हात हलले नाहीत. विचार आणि कृती यांच्यातली दरी, या क्षेत्रातली जुनी ओळखीची गोष्ट. मला ही तऱ्हा पूर्णपणे मान्य नाही, कारण प्रयोगाची मांडणी दुसरीलाही जागा देते. पत्र लिहायला डोकं लागतं. एक अख्खा परिच्छेद मनापासून लिहिलेल्या माणसासमोर लगेच आकडे शोधायचं पान आलं, तर तो दमलेला असणार. कंट्रोल गटाने फक्त उतारा वाचलाय. मग झाडं कमी झाली ती उपायामुळे, की उपाय करायला लागलेल्या श्रमामुळे? हे वेगळं करायचं तर कंट्रोल गटालाही तेवढाच वेळ आणि तेवढीच मेहनत लागेल असं, पण हवामानाशी संबंध नसलेलं लिखाण द्यायला हवं होतं. तुमच्या प्रयोगात कंट्रोल गट ठरवताना हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. डेटा हातात आल्यावर विचारून उपयोग नसतो.

तिसरी एक शंका आहे, आणि ती या पेपरपुरती नाही. सम-विषम अंक शोधणं ही हवामानासाठीची कृती आहे का? शब्दांपेक्षा ते कितीतरी बरं मोजमाप आहे, यात वाद नाही. पण त्यात माणसाची चिकाटी मोजली जाते, शाळेत आकड्यांशी झालेली ओळख मोजली जाते, मोबाइलचा पडदा केवढा आहे तेही थोडंसं मोजलं जातं. गटांची वाटणी चिठ्ठीने झाल्यामुळे गटागटांतल्या तुलनेला यामुळे धक्का लागत नाही, हे खरं. पण 'अमुक देशातले लोक कमी झाडं लावतात' असं कुणी या डेटावरून म्हणू लागलं तर मात्र सावध व्हा. शिवाय बऱ्याच देशांतला नमुना प्रातिनिधिक नव्हता. लेखक हे लपवत नाहीत. ६३ देश म्हणजे ६३ देशांची जनता नव्हे, तर त्या देशांतले इंटरनेटवर सर्वेक्षण भरू शकणारे आणि भरायला तयार असलेले लोक.

आणि सगळं एका बैठकीत. उपाय, लगेच मोजमाप, संपलं. दोन महिन्यांनी त्या माणसाचं काय झालं, कुणाला ठाऊक.

हे सगळं वाचून 'मग पेपर वाईट आहे' असं कुणी म्हणेल तर मी कडाडून विरोध करेन. या क्षेत्राची आधीची सवय बघा. २००८ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, गोल्डस्टीन, चाल्दिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांचा. अमेरिकेतल्या एका हॉटेलात न्हाणीघरात पाट्या लावल्या. एका पाटीवर पर्यावरण वाचवा म्हणून टॉवेल पुन्हा वापरा, दुसरीवर इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात. पहिलीने ३५.१ टक्के लोकांनी टॉवेल पुन्हा वापरला, दुसरीने ४४.१ टक्के. 'चार लोक करतात ते आपण करतो' याचा हा सुंदर पुरावा पाठ्यपुस्तकांत गेला, व्याख्यानांत गेला, हॉटेलांच्या पाट्यांवर गेला. २०१४ मध्ये बोनर आणि श्ल्यूटर यांनी जर्मनीतल्या हॉटेलांत तोच प्रयोग पुन्हा केला, आणि तिथे ही पाटी साध्या पाटीपेक्षा सरस ठरली नाही. तिथे टॉवेल पुन्हा वापरणारे मुळातच जास्त होते. पुन्हा तीच भरलेली बादली! यातून मूळ अभ्यास खोटा ठरत नाही. पण एका हॉटेलातल्या पाटीवरून साऱ्या मनुष्यजातीबद्दल बोलायला आपण किती अधीर असतो ते दिसतं.

याहून बोचरी गोष्ट २०२२ ची. लोकांना हळूच योग्य दिशेला ढकलणाऱ्या उपायांना, ज्यांना 'नज' म्हणतात, त्यांचा एक मोठा एकत्रित आढावा 'पीएनएएस' मध्ये आला. सरासरी परिणाम ०.४३, म्हणजे चांगलाच दणकट. काही महिन्यांतच मायर आणि सहकाऱ्यांनी त्याच डेटावर उत्तर दिलं: चांगले निकालच छापले जातात आणि फसलेले खणात राहतात, ही गोष्ट हिशोबात धरली तर परिणाम जवळजवळ शून्यावर येतो. डेटा तोच, फक्त न छापलेल्या निकालांची शंका धरली! म्हणूनच व्लाशानू आणि मंडळींनी 'झाडं वाढली नाहीत' हे पेपरच्या सारांशातच, कुणालाही दिसेल असं लिहिलं, याचं मोल मला फार वाटतं. फसलेला निकाल खणातून बाहेर आला आहे.

मग मैदानात, खऱ्या घरांत काय होतं? इथे सगळ्यांत भक्कम काम विजेवर झालंय. अमेरिकेत ओपॉवर नावाच्या कंपनीने घरोघरी पत्रं पाठवली: तुमचा वापर इतका, तुमच्यासारख्या शेजाऱ्यांचा इतका. हंट ऑलकॉटने २०११ मध्ये सुमारे सहा लाख घरांचा डेटा तपासला. वीजवापर सरासरी २ टक्के घटला. दोन टक्के ऐकून हसू नका. एका कागदाच्या खर्चात, लाखो घरांत, प्रत्यक्ष मीटरवर दिसलेले हे दोन टक्के आहेत. प्रश्नावलीवरच्या दोन टक्क्यांशी त्यांची तुलना होत नाही.

पण ऑलकॉटचं खरं शौर्य २०१५ च्या पेपरात आहे. त्याने अशा १११ प्रयोगांचा, ८६ लाख घरांचा डेटा घेतला आणि दाखवलं की पहिल्या दहा ठिकाणांवरून जो अंदाज बांधला होता तो पुढच्या ठिकाणांसाठी फुगलेला निघाला. कारण आधी कोण पुढे येतं? ज्या वीजकंपन्यांना पर्यावरणाची आस्था आहे, ज्यांचे ग्राहक तसे आहेत, त्या. प्रत्येक ठिकाणी प्रयोग अगदी काटेकोर, चिठ्ठ्या टाकून केलेला, आणि तरीही एकूण चित्र चुकीचं. चिठ्ठी माणसांवर टाकली होती, गावांवर नाही. तुमच्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळात एखादा उपाय चालला म्हणून तो जिल्ह्यात चालेल, हे गृहीत धरण्याआधी हा पेपर वाचा. गणित पुष्कळ आहे. प्रस्तावना तरी वाचाच.

आपल्याकडचं एक उदाहरण आहे, आणि ते मला अमेरिकेतल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा जास्त विचार करायला लावतं. अनंत सुदर्शन यांचा २०१७ चा अभ्यास, दिल्ली परिसरातल्या घरांचा. शेजाऱ्यांशी तुलना दाखवणारा साप्ताहिक अहवाल दिला, तर उन्हाळ्यातला वापर ७ टक्के घटला. मग दुसऱ्या गटात त्याच तुलनेसोबत पैशांचं प्रोत्साहनही जोडलं. आपल्याला वाटेल दुधात साखर. झालं उलटं, नुसत्या तुलनेने मिळालेला परिणाम टिकला नाही. पैसे आले की विषय 'मी कसा दिसतो' यावरून 'मला परवडतं का' यावर जातो, असा एक अर्थ लावता येतो. हा अर्थ लावणं झालं, मोजलेली गोष्ट नव्हे. दोन्हींत फरक करायची सवय लावून घ्या.

आता हीच कल्पना महावितरणच्या बिलावर आणायची ठरवली तर? बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिसतोच, शेजाऱ्यांची सरासरी छापणं काही अवघड नाही. पण वेस्ली शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये काय पाहिलं ते आठवा. सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला! 'अरे, आपण उगाचच काटकसर करत होतो.' त्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा काढला तेव्हा ही वाढ थांबली. आपल्याकडे शंभर युनिटच्या आत बिल ठेवायला धडपडणारी किती घरं आहेत, तुम्हीच सांगा. त्या घरातल्या माणसाने आधीच पंख्याच्या वर काही लावलेलं नाही. त्याला 'शेजारी तुझ्यापेक्षा जास्त वापरतात' हे सांगून आपण नेमकं काय साधणार? आणि त्याचा वापर वाढला तर ते वाईट म्हणायचं का? मला नाही वाटत. घरात फ्रीज येणं हा हवामानाविरुद्धचा गुन्हा नाही.

हा प्रश्न मोठ्या स्पर्धेच्या पेपरात कुठेच येत नाही, आणि माझी त्यावरची सगळ्यांत मोठी टीका हीच आहे. ६३ देशांत सगळ्यांना एकच विनंती: आणखी करा. ज्याचा वाटा मोठा त्याला आणि ज्याचा नगण्य त्यालाही. मानसशास्त्र माणूस हे एकक धरतं, म्हणून सगळी माणसं सारखी दिसू लागतात. 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घरोघरी पोहोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा आणि तिच्या संकेतस्थळावरच्या गणकयंत्राचा मोठा हात होता, हे तुम्हाला माहीत असेल. तेल विकणाऱ्याने ग्राहकाला विचारायचं, तुझ्या पावलाचा ठसा केवढा?

निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टाईन या दोघांनी २०२२ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं. दोघेही वर्तनशास्त्रातलेच, बाहेरून दगड मारणारे नव्हेत. त्यांचं म्हणणं असं की आम्ही माणसाच्या चौकटीत उपाय शोधत बसलो, व्यवस्थेच्या चौकटीकडे दुर्लक्ष केलं, आणि त्याचा फायदा बदल नको असलेल्या उद्योगांना झाला. लोवेनस्टाईन यांचाच हॅगमन आणि हो यांच्यासोबतचा २०१९ चा एक प्रयोग या संदर्भात वाचण्यासारखा आहे. लोकांसमोर कार्बन कर ठेवला. काहींना त्यासोबत एक 'नज'ही निवडायला दिला. नज दिसला की कराचा पाठिंबा घटला. स्वस्त औषध समोर आलं की शस्त्रक्रिया कुणाला हवी असते!

व्यवस्थेने काय होतं त्याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. एलईडी बल्बची सरकारी खरेदी किंमत २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपये होती, २०१६ पर्यंत ती ३८ रुपयांवर आली, आणि उजाला योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब घरोघरी गेले. आपल्या घरात एलईडी आला तेव्हा कुणी पुढच्या पिढीला पत्र लिहिलं होतं का? बल्ब स्वस्त झाला, बिल कमी आलं, शेजारच्या काकूंनी पण घेतला. दुसरं उदाहरण, १ जानेवारी २०२० पासून भारतात विकला जाणारा घरगुती एसी सुरू केला की २४ अंशांवर सुरू व्हावा असा नियम झाला. कुणाचं मन वळवायचं नाही, फक्त सुरुवातीचा आकडा ठरवायचा. लोक तो २४ वर ठेवतात की लगेच १८ वर नेतात, हा मात्र प्रबंधाचा विषय आहे, आणि तो प्रश्नावलीने सुटणार नाही, त्यासाठी यंत्राची नोंद लागेल.

याउलट 'मिशन लाइफ' बघा. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी कल्पना मांडली, २० ऑक्टोबर २०२२ ला केवडियात अभियान सुरू झालं. त्यात ७५ कृतींची यादी आहे. सिग्नलला इंजिन बंद करा, कापडी पिशवी बाळगा, एसी २४ वर ठेवा, सार्वजनिक वाहन वापरा. यादीतलं काहीच चुकीचं नाही. पण सार्वजनिक वाहन वापरण्याची प्रेरणा आणि थांब्यावर वेळेत येणारी बस या दोन गोष्टींपैकी कमतरता कशाची आहे? मुंबईत बेस्टच्या बसगाड्या गेल्या दशकात घटल्या. तासभर थांब्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनोवृत्तीचा अभ्यास करून जो प्रबंध होईल, त्याचा निष्कर्ष मी आत्ताच सांगू शकते.

इथे मला माझ्याच बाजूला ब्रेक लावायला हवा. 'सगळं व्यवस्थेचं, माणसाच्या मनाचं काही नाही' हे म्हणणं सोपं असतं आणि टाळ्याही मिळतात. पण व्यवस्था बदलणारे नियम कुणाच्या पाठिंब्यावर येतात? लोकांच्याच. म्हणून धोरणांच्या पाठिंब्याचे ते २.६ टक्के मी झाडांइतक्या सहज उडवून लावणार नाही. २०२४ मध्येच पीटर आंद्रे आणि सहकाऱ्यांनी १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांचं सर्वेक्षण छापलं. उत्पन्नाचा एक टक्का हवामानासाठी द्यायला तयार असलेले लोक ६९ टक्के. आणि 'तुमच्या देशातले किती जण तयार असतील' असं विचारल्यावर आलेल्या उत्तरांची सरासरी ४३ टक्के. म्हणजे प्रत्येकाला वाटतं आपण एकटे. आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत ओल्या कचऱ्याचा विषय निघतो तेव्हा हेच होतं की नाही? सगळे गप्प, आणि जो तो मनात म्हणतो, बाकीच्यांना नकोय वाटतं.

अर्थात 'द्यायला तयार' हे बोलणं आहे, खिशात हात घालणं नाही. आणि गंमत म्हणजे 'तुमच्यासारखे बहुतेक आहेत' हे सांगणारा उपाय त्या अकरांत होताच. झाडं त्यानेही वाढली नाहीत. पण इथे मला वाटतं मोजमापच चुकलं. एकट्याने पडद्यासमोर बसून आकडे शोधण्यात 'इतरही सोबत आहेत' या माहितीचा काय उपयोग? ती माहिती उपयोगी पडेल ती सभेत हात वर करताना, अर्जावर सही करताना, मत देताना. उपाय सामूहिक आणि कसोटी एकांतातली. एका मोजमापाने अकरा उपाय तोलण्याचा हा तोटा आहे. वर ज्या एकाच खेळपट्टीचं मी कौतुक केलं, तिचाच हा दुसरा चेहरा. फिरकी गोलंदाजाला हिरव्या खेळपट्टीवर उतरवून तो निकामी ठरला म्हणायचं, असं काहीसं.

तुमच्यासाठी चांगली बातमी अशी की या स्पर्धेचा सगळा डेटा खुला आहे. २०२४ मध्येच तो 'सायंटिफिक डेटा' या नियतकालिकात वर्णनासह छापला गेला. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी नवी प्रश्नावली छापून शंभर मैत्रिणींकडून भरून घेण्याऐवजी हा डेटा उतरवून घ्या. 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील पर्यावरणविषयक जाणिवेचा अभ्यास' या शीर्षकाचे प्रबंध ग्रंथालयात रांगेने उभे आहेत, आणखी एकाने कुणाचं काही अडलेलं नाही. विद्यार्थ्यांना जाणीव आहे. असतेच.

त्या डेटात मी सगळ्यांत आधी झाडांचा रकाना उघडेन आणि सरासरी काढायच्या आधी नुसतं वाटप बघेन: किती जणांनी शून्य पानं केली, किती जणांनी पूर्ण आठ. अशा कामात लोक दोन टोकांना साचण्याची शक्यता असते, आणि तसं असेल तर 'सरासरी झाडं' या आकड्याचा माणूस प्रत्यक्षात कुठेच नसतो. मग उपाय सुरुवात करायला लावतो का, आणि चिकटून राहायला लावतो का, हे दोन प्रश्न वेगळे करता येतील. त्यानंतर देशांनुसार नव्हे, तर सुरुवातीच्या विश्वासानुसार गट पाडून बघेन, कारण उपायांचा परिणाम आधीच्या मतांप्रमाणे बदलतो हे पेपरमध्येच म्हटलंय. ज्यांना आधीच पूर्ण पटलेलं होतं त्यांच्यातही झाडं कमी झाली असतील, तर न पटल्याचं कारण बाद होतं आणि दमल्याची शंका बळकट होते. या दोन आकृत्या काढायला आर मध्ये एक दुपार पुरे.